बोगद्याच्या मापाचं रॉकेट

एखादं अस्त्र किती मोठं असावं हे ठरवतं कोण? शास्त्रज्ञ, सेनापती की तिजोरी सांभाळणारा? १९३६ च्या वसंतात बर्लिनच्या दक्षिणेला कुमर्सडॉर्फच्या चाचणी मैदानावर तीन माणसं हाच प्रश्न घेऊन बसली होती. दोघं इंजिनिअर होते, तिसरा लष्करी अधिकारी. त्या तिसऱ्यानं दिलेलं उत्तर रेल्वेच्या मालधक्क्यावर शोभावं असं होतं. मालगाडीवर आडवं घातलेलं रॉकेट शेपटीच्या पंखांसकट जर्मन रेल्वेच्या बोगद्यातून न घासता पार झालं पाहिजे. रस्त्यानं नेताना गावातल्या वळणावर अडता कामा नये. इंजिन, इंधन, पल्ला हे सगळं या मापात बसवायचं.

त्या अधिकाऱ्याचं नाव वाल्टर डोर्नबेर्गर. जगातलं पहिलं लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र, ज्याला पुढे सगळे व्ही-२ म्हणू लागले, ते याच मापात तयार झालं. समोर बसलेल्या इंजिनिअरांपैकी एक होता व्हेर्नहर फॉन ब्राउन, वय चोवीस. अमेरिकेला चंद्रावर नेणारा म्हणून फॉन ब्राउन शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसला. डोर्नबेर्गर मात्र जाणकारांच्या तळटीपांतच राहिला. मला हा क्रम उलटा वाटतो. व्ही-२ कळायचं असेल तर फॉन ब्राउनच्या चंद्राकडे पाहून भागत नाही, डोर्नबेर्गरच्या तोफेकडे पाहावं लागतं.

तो हेसेन प्रांतातल्या गीसेनचा, औषधविक्रेत्याचा मुलगा. जन्म ६ सप्टेंबर १८९५. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा एकोणिसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. स्वतःहून भरती झाला आणि तोफखान्यात गेला.

आपल्याकडे गोलंदाज म्हटलं की आता बुमराह आठवतो, पण हा शब्द मुळात तोफेचा. तोफेला बत्ती देणारा तो गोलंदाज, आणि जुन्या गोलंदाजाला निदान शत्रू दिसायचा. १९१४ पर्यंत ते दिवस संपले होते. तोफ टेकडीमागे झाडीत दडवलेली असायची. पुढे खंदकात दुर्बीण आणि टेलिफोन घेऊन एक निरीक्षक बसलेला. तोफेजवळच्या अधिकाऱ्यापुढे नकाशा, कोष्टकं, वाऱ्याचा वेग, दारूचं तापमान. तो आकडेमोड करी, कोन सांगे, तोफ उडे. टेकडीपलीकडे गोळा कुणाच्या स्वयंपाकघरात पडला की कुणाच्या खंदकात, हे त्याला कळायचं नाही. टेलिफोनवरून एवढंच यायचं की अजून पन्नास मीटर डावीकडे. २१ मार्च १९१८ च्या पहाटे जर्मनांनी सहा हजारांवर तोफांतून पाच तास मारा केला, तो असाच, जवळजवळ सगळा गणितावर. दृष्टीआड सृष्टी ही आपल्याकडे म्हण आहे. या पेशात ती कामाची रीत होती.

त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ मार्चला, पॅरिसमध्ये गोळे पडू लागले. लोकांनी वर पाहिलं तर आकाशात विमान नव्हतं, आणि आघाडी शंभराहून जास्त किलोमीटर लांब होती. लाँ शहराच्या परिसरातून जर्मनांची एक अजस्र तोफ मारा करत होती, तिला पुढे ‘पॅरिस तोफ’ म्हणू लागले. तिचा गोळा वातावरणाच्या विरळ थरांत इतका उंच जाई, की नेम धरताना पृथ्वीचं फिरणंही हिशेबात घ्यावं लागे. दर गोळ्यागणिक नळी आतून झिजे, म्हणून गोळ्यांना क्रमांक दिलेले आणि पुढचा गोळा मागच्यापेक्षा किंचित जाड. चुकून क्रम उलटला तर तोफच फुटायची. एवढा खटाटोप करून शंभर किलोंच्या गोळ्यात स्फोटक किती मावायचं? सुमारे सात किलो. पाच महिन्यांत अडीचशेच्या आसपास माणसं मेली. त्यांतली ऐंशीहून जास्त एकाच दुपारी, गुड फ्रायडेला, सेंट जर्व्हे चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेली होती. युद्धावर या तोफेचा काही परिणाम झाला नाही. जर्मन तोफखान्याच्या मनावर मात्र झाला.

डोर्नबेर्गर ऑक्टोबर १९१८ मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांच्या हाती लागला. पुढची दोन वर्षं दक्षिण फ्रान्समधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेली, आणि त्यातला बराच काळ एकांतकोठडीत, कारण तो सारखा पळून जायच्या खटपटीत असे. सुटून आला तेव्हा सम्राट नव्हता आणि जुनं सैन्यही नव्हतं. व्हर्सायच्या तहानं जर्मनीला एक लाखाची फौज ठेवू दिली होती, त्यात अधिकारी फक्त चार हजार. त्या चार हजारांत त्याची वर्णी लागली. तहानं तोफाही मोजून दिल्या होत्या. ७७ मिलिमीटरच्या २०४ आणि १०५ मिलिमीटरच्या ८४, बस्स. जड तोफांवर, रणगाड्यांवर, लष्करी विमानांवर बंदी. त्या लांबलचक यादीत रॉकेट हा शब्द नव्हता. वकिली डोक्यानं तह मोडायला ही फट सापडली आणि तिथून जर्मन रॉकेट जन्मलं, अशी एक गोष्ट नेहमी सांगतात. मला ती फार सुबक वाटते. हे सैन्य रशियात गुपचूप रणगाडे चालवायला आणि विषारी वायूचे प्रयोग करायला शिकत होतं. मनाई नसलेल्या गोष्टींपुरतंच थांबण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. खरं कारण कार्ल बेकर नावाच्या माणसात आहे.

बेकरही तोफखान्याचाच. पॅरिस तोफेच्या कामात त्याचा हात होता आणि ती तोफ त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. तोफेची नळी आणखी लांब करून काही साधणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं, कारण पोलाद झिजतं. पण गोळ्याला नळीच नको असेल तर? गोळ्यानं आपली दारू आपल्याबरोबर घेऊन जायचं ठरवलं तर? लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागात बसून बेकरनं निवडक अधिकाऱ्यांना तंत्रशिक्षणासाठी बर्लिनच्या उच्च तंत्रविद्यालयात पाठवायचा परिपाठ सुरू केला. डोर्नबेर्गर तिथून यंत्रशास्त्र शिकला आणि १९३० मध्ये बेकरच्या हाताखाली रॉकेटच्या कामावर रुजू झाला.

तेव्हा बर्लिनच्या रायनिकेनडॉर्फ भागात, दारूगोळ्याच्या एका जुन्या आवारात, काही हौशी पोरं अंतराळप्रवासाच्या ध्यासानं रॉकेटं उडवत होती. फ्रिट्झ लांगच्या ‘चंद्रावरची बाई’ या चित्रपटानं सगळ्या शहराला रॉकेटचं वेड लावलं होतं. १९३२ च्या वसंतात बेकर आणि डोर्नबेर्गर साध्या वेशात तिथं जाऊन आले. डोर्नबेर्गरला राग आला तो रॉकेटं फुटत होती म्हणून नव्हे. फुटलेल्या रॉकेटची नोंद कुणी ठेवत नव्हतं, याचा त्याला राग आला. जोर किती किलोचा मिळाला, सेकंदाला इंधन किती जळलं, दाब किती होता, विचारलं की उत्तर नाही. त्यांच्या पुढाऱ्याजवळ, रुडोल्फ नेबेलजवळ, जाहिरात भरपूर आणि आलेख एकही नाही. उन्हाळ्यात कुमर्सडॉर्फला त्यांचं रॉकेट उडवून पाहिलं, तर ते थोडं वर जाऊन भलतीकडेच कोसळलं. लष्करानं नेबेलला दूर ठेवलं आणि त्याच्या टोळक्यातला वीस वर्षांचा उमदा पदवीधर तेवढा उचलला. तो फॉन ब्राउन.

२१ डिसेंबर १९३२ च्या रात्रीचा प्रसंग डोर्नबेर्गरनं स्वतःच लिहून ठेवला आहे. कडाक्याची थंडी, काँक्रीटच्या तीन भिंती, त्यांच्यामध्ये अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं नवंकोरं इंजिन. फॉन ब्राउन लांब काठीच्या टोकाला पेट्रोलचा पेटता डबा बांधून उभा. डोर्नबेर्गर जवळच्या एका झाडाच्या बुंध्याआड. काठी पुढे झाली आणि सगळं उडालं. इंधनाला आग पेटायला किंचित उशीर झाला होता, तेवढ्यात ते साचून बसलं होतं. कुणाला खरचटलंही नाही. या खात्याची सुरुवात अशी झाडामागून झाली. पण नोंद झाली. पुढच्या खेपेला काय बदलायचं ते कागदावर आलं. डिसेंबर १९३४ मध्ये बोर्कुम बेटावरून दोन छोटी रॉकेटं सव्वादोन किलोमीटरच्या आसपास उंच गेली. विल्हेल्म बुशच्या चित्रकथेतल्या दोन द्वाड पोरांवरून त्यांची नावं ठेवली होती, माक्स आणि मोरित्स.

मग १९३६. सरसेनापती फ्रिच (तोही तोफखान्यातलाच) कुमर्सडॉर्फला आला, इंजिनांचा गडगडाट ऐकला आणि किती पैसे हवेत ते विचारलं. डोर्नबेर्गरला ठाऊक होतं की सेनापती आतषबाजीवर पैसा खर्च करत नाहीत, त्यांना शस्त्र हवं असतं. म्हणून त्यानं शस्त्राचं वर्णन लिहून काढलं, आणि त्याचा मापदंड होता पॅरिस तोफ. तिच्या दुप्पट पल्ला, म्हणजे सुमारे २७० किलोमीटर. सात किलोंच्या जागी एक टनाचं स्फोटक डोकं. नेमातली चूक दर हजार मीटरला दोन ते तीन मीटर, म्हणजे एवढ्या पल्ल्यावर फार तर आठशे मीटर. यातली एकही अट अंतराळप्रवासाची नाही. ही तोफेचीच भाषा आहे, फक्त नळी गळून पडलेली. आणि वर बोगद्याचं माप.

नवी जागा फॉन ब्राउनच्या आईनं सुचवली. तिचे वडील बाल्टिकच्या किनाऱ्यावर उझेडोम बेटाच्या टोकाशी बदकांच्या शिकारीला जात. तिथं पेनेम्युंडेला १९३७ पासून प्रयोगशाळा, कारखाने, ध्वनीहून वेगवान वाऱ्याचा बोगदा आणि वसाहती उभ्या राहिल्या. रॉकेटं किनाऱ्याला समांतर पूर्वेकडे सोडली की तीनशे किलोमीटर खाली समुद्र, म्हणजे गोळा कुठे पडला ते किनाऱ्यावरून टिपता येई. बेकरला रॉकेट पुरं झालेलं पाहायला मिळालं नाही. दारूगोळ्याच्या तुटवड्याचं खापर हिटलरनं त्याच्यावर फोडलं, आणि एप्रिल १९४० मध्ये त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. सरकारनं मग त्याची सरकारी इतमामात अंत्ययात्रा काढली.

यंत्र म्हणून ते रॉकेट अचाट होतं, हे मान्य करायलाच हवं. उंची १४ मीटर, उड्डाणाच्या वेळचं वजन तेरा टनांच्या घरात, त्यातलं नऊ टनांच्या आसपास नुसतं इंधन. चार टन अल्कोहोल, जे मुख्यतः बटाट्यापासून बने, आणि पाच टन द्रवरूप ऑक्सिजन. हे सगळं एका मिनिटाच्या आसपास जळून जायचं. एवढं इंधन ज्वलनकक्षात ढकलायला वाफेवर फिरणारा पंप, नेम राखायला भिंगरीसारखे फिरणारे जायरोस्कोप, आगीच्या झोतात धरलेली ग्राफाइटची सुकाणू. १९४२ च्या जून आणि ऑगस्टमधली उड्डाणं फसली. ३ ऑक्टोबरला दुपारी चौथं रॉकेट सरळ वर गेलं, ऐंशीहून जास्त किलोमीटर उंची गाठून सुमारे १९० किलोमीटरवर समुद्रात पडलं. त्याच्या अंगावर चंद्रकोरीवर बसलेल्या बाईचं चित्र रंगवलं होतं. डोर्नबेर्गर छपरावर दुर्बीण लावून उभा होता, आणि आनंदानं रडलो असं त्यानं लिहिलं आहे. संध्याकाळच्या मेजवानीत तो अंतराळयानाच्या जन्माबद्दल बोलला आणि त्याच दमात शस्त्र लवकर पुरं करायला हवं असंही म्हणाला. पुढे आयुष्यभर त्यानं यातला पहिला अर्धा भाग जास्त सांगितला.

आता गोलंदाजाचाच हिशेब गोलंदाजाला लावून पाहू. ८ सप्टेंबर १९४४ ते २७ मार्च १९४५ या काळात तीन हजारांच्या वर व्ही-२ सुटली, बहुतेक लंडन आणि बेल्जियमच्या अँटवर्प बंदरावर. दर रॉकेटमागे एक टन धरला तर सात महिन्यांत तीन हजार टनांच्या आसपास. १७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानदलानं खुद्द पेनेम्युंडेवर सुमारे १,८०० टन बॉम्ब टाकले, एका रात्रीत. म्हणजे रॉकेटची सगळी मोहीम ब्रिटिशांच्या दोन रात्रींच्याही भारापुरती पुरली नाही. वर बॉम्बर परत येतो, रॉकेट येत नाही. नेमाची चूक आठशे मीटरच्या जागी कित्येक किलोमीटर. असं अस्त्र बंदराच्या धक्क्यावर मारता येत नाही, फक्त शहरावर मारता येतं. लंडनच्या चिझिकमध्ये, स्टेव्हली रोडवर, पहिलं पडलं तेव्हा तिघं मेले. भोंगा वाजला नाही, कारण ध्वनीच्या पुढे धावणाऱ्या वस्तूचा आवाज ती फुटल्यावर मागून येतो. सरकारनं बरेच दिवस गॅसची वाहिनी फुटल्याचं सांगितलं, तेव्हा लंडनकर उडत्या गॅसपाइपांवर विनोद करू लागले. २५ नोव्हेंबरला न्यू क्रॉसमधल्या वूलवर्थच्या दुकानावर १६८ माणसं मेली. १६ डिसेंबरला अँटवर्पच्या रेक्स चित्रपटगृहात ५६७. नुसत्या ब्रिटनमधले मृत्यू २,७५४.

हा हिशेब डोर्नबेर्गरला कळत नव्हता असं नाही. जुलै १९४३ मध्ये तो आणि फॉन ब्राउन हिटलरच्या पूर्व प्रशियातल्या मुख्यालयात उड्डाणाची फिल्म घेऊन गेले. त्याच्या आठवणींनुसार आधी अविश्वास दाखवल्याबद्दल हिटलरनं त्याची माफी मागितली, आणि लगेच दहा टनांचं स्फोटक डोकं आणि महिन्याला दोन हजार रॉकेटं मागितली. आम्ही सर्वनाशी अस्त्र म्हणून हे बनवलं नव्हतं असं आपण म्हणालो, आणि हिटलर भडकला, असं तो सांगतो. सांगणारा एकच आणि बाकीचे साक्षीदार बहुतेक मेलेले, हे लक्षात ठेवून ते वाचावं. डोर्नबेर्गरनं महिन्याला दोन हजार मान्य केले नाहीत. नऊशेचा आराखडा मात्र मान्य केला, आणि त्यासाठी माणसं लागणार होती.

४ ऑगस्ट १९४३. पेनेम्युंडेतल्या एका बैठकीचं टिपण उरलं आहे. बैठक डोर्नबेर्गरची. ठरलं ते असं, की रॉकेटच्या जुळणीचं काम मुळात कैद्यांकडून करून घ्यायचं आणि प्रमाण एका जर्मन कामगारामागे पंधरा कैदी, कमीत कमी दहा. या तारखेकडे नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढे डोर्नबेर्गर आणि त्याच्या मंडळींची बाजू अशी राहिली की छळछावण्यांचा सगळा उद्योग हिमलरच्या एसएसनं आमच्या डोक्यावर आणून बसवला. पेनेम्युंडेवरचा हल्ला १७ ऑगस्टचा. एसएसनं बांधकाम हाती घेतलं ते त्यानंतर. टिपण त्याच्या दोन आठवडे आधीचं आहे. त्या वेळी पेनेम्युंडेच्या कारखान्याच्या तळमजल्यावर कैदी कामाला लागलेही होते.

त्या हल्ल्यात सातशेहून जास्त माणसं मेली. त्यांतले बहुतेक ट्रासेनहाइडे छावणीच्या कुंपणातले परदेशी मजूर होते. इंजिनांचा मुख्य शिल्पकार वाल्टर थील सहकुटुंब गेला. कारखाना जमिनीखाली न्यायचं ठरलं आणि हार्त्स पर्वताच्या पायथ्याशी नॉर्डहाउझेनजवळचा कोनश्टाइन डोंगर निवडला. आत दोन समांतर बोगदे, सुमारे पावणेदोन किलोमीटर लांब, त्यांना जोडणारे पन्नासेक आडवे. २८ ऑगस्टला बुखेनवाल्ड छावणीतून पहिले १०७ कैदी आले. त्या ठिकाणाचं नाव डोरा.

बोगदा पुरा खोदायचा, यंत्रं बसवायची आणि राहायचंही आतच. आडव्या बोगद्यांत चारमजली लाकडी फळ्या. शेजारी सुरुंग उडताहेत आणि दिवसरात्र दगडाची भुकटी उडते आहे. पिण्यापुरतंही पाणी नाही, शौचाला अर्धे कापलेले तेलाचे पिंप. कित्येकांनी महिनोन्‌महिने उजेड पाहिला नाही. १९४४ च्या वसंतापर्यंत तीन हजारांच्या आसपास मेले, आणि जे मरायला टेकले होते अशा आणखी हजारोंना गाड्यांत कोंबून दुसऱ्या छावण्यांत मरायला पाठवलं. ६ मे १९४४ ला या भूमिगत कारखान्यात एक बैठक झाली, तिला डोर्नबेर्गर आणि फॉन ब्राउन दोघंही हजर होते. विषय होता आणखी १,८०० कुशल फ्रेंच कैदी मिळवण्याचा. पुढे घातपाताच्या संशयावरून कैद्यांना बोगद्यातल्याच यारीला टांगून फाशी दिलं, आणि खालून कामाच्या पाळ्या बदलत राहिल्या. डोरा आणि तिच्या उपछावण्यांमधून साठ हजार माणसं गेली. सुमारे वीस हजार मेली. सगळी काही रॉकेटच्याच कामावर मेली नाहीत, पण रॉकेटच्या माऱ्यानं मेलेल्या सगळ्या माणसांची बेरीज या आकड्याच्या जवळपासही येत नाही. जिथं फुटलं त्याहून जिथं बनलं तिथं जास्त माणसं मारणारं हे अस्त्र.

त्या बोगद्यात मात्र टेकडी मध्ये नव्हती. निरीक्षक नव्हता, टेलिफोन नव्हता. जे होतं ते हाताच्या अंतरावर होतं.

मार्च १९४४ मध्ये गेस्टापोनं फॉन ब्राउनला अटक केली. आरोप असा की तो युद्धापेक्षा अंतराळाच्याच गप्पा जास्त मारतो. डोर्नबेर्गर धावत फील्ड मार्शल कायटेलकडे गेला, हा माणूस नसेल तर रॉकेट होणार नाही असं सांगितलं आणि त्याला सोडवून आणलं. आपल्या माणसासाठी तो कुणापुढेही उभा राहू शकत होता, एवढं यावरून दिसतं. पुढे एसएसचा हान्स कामलर माऱ्याचा प्रमुख झाला आणि डोर्नबेर्गरकडे पुरवठा आणि प्रशिक्षण उरलं. याचं त्याला आयुष्यभर वाईट वाटलं. युद्धानंतर बदनामी झालेला कामलर त्याला फार उपयोगी पडला, हे मात्र त्यानं कुठे लिहिलं नाही.

२ मे १९४५ ला फॉन ब्राउनचा धाकटा भाऊ सायकलवरून डोंगर उतरून अमेरिकी सैनिकांना शोधायला गेला, आणि सगळी मंडळी ऑस्ट्रियातल्या रॉयटेजवळ शरण आली. डोर्नबेर्गर त्यांच्यात होता. आयुष्यात दुसऱ्यांदा तो अमेरिकी सैनिकांच्या हाती पडला. ब्रिटिशांनी त्याला मागून घेतलं. लंडनवरच्या माऱ्याचा जाब कुणाला तरी विचारायचा होता आणि कामलर बेपत्ता होता. दोन वर्षं तो ब्रिटिश कैदेत राहिला, त्यात वेल्समधल्या ब्रिजेंडची छावणीही आली. खटला मात्र उभा राहिला नाही. शहरांवर मारा केल्याचा गुन्हा न्यायालयात नेला असता तर दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यात जळालेल्या ड्रेस्डेनचं नावही तिथं निघालं असतं, हा माझा तर्क. १९४७ मध्ये डाखाऊला डोरातल्या अत्याचारांचा खटला चालला. एकोणीस आरोपी होते, बहुतेक पहारेकरी आणि कैद्यांमधलेच मुकादम. त्याच वर्षी डोर्नबेर्गर सुटला आणि अमेरिकेला पोचला.

तिथली वर्षं लवकर सांगून होतात. आधी अमेरिकी हवाईदलाचा सल्लागार, मग १९५० पासून बेल विमान कंपनीत, जिथं तो उपाध्यक्षपदापर्यंत चढला. रॉकेटनं वर जाऊन विमानासारखं उतरणारं यान हा त्याचा नवा ध्यास. त्यातून डायना-सोर प्रकल्प उभा राहिला, तो संरक्षणमंत्री मॅक्नामारांनी १९६३ च्या डिसेंबरात बंद केला. ती कल्पना नंतर स्पेस शटलच्या रूपानं आली.

१९५२ मध्ये त्याचं आठवणींचं पुस्तक आलं. मूळ जर्मन नावाचा अर्थ ‘अंतराळात झाडलेली गोळी’ असा होतो. तिथंही शब्द गोलंदाजाचाच. पुस्तक वाचनीय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. झाडाच्या बुंध्यामागची ती रात्र आहे, छपरावरचं रडणं आहे, हिटलरच्या डोळ्यांचं वर्णन आहे, खात्याखात्यांमधली भांडणं पानंच्या पानं आहेत. पंखांची रुंदी रेल्वेच्या बोगद्यावरून कशी ठरली, तेही त्यात आहे. डोराचे कैदी जवळजवळ नाहीत. ज्या माणसाला हौशी पोरांनी फुटलेल्या रॉकेटची नोंद ठेवली नाही याचा राग आला होता, त्यानं वीस हजारांची नोंद ठेवली नाही. ४ ऑगस्टचं टिपण अभिलेखागारात होतं, इतिहासकारांच्या हाती ते नंतर लागलं.

निवृत्तीनंतर काही काळ मेक्सिकोत राहून तो जर्मनीला परतला. जून १९८० मध्ये बाडेनमधल्या ओबरझासबाखला वारला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. आरोपी म्हणून त्याला कुठल्याही न्यायालयात कधी उभं राहावं लागलं नाही.